रत्तलभर धान्याचा हिशेब



आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. उपास आणि उपासमार. उपास माणूस धरतो. उपासमार माणसावर येते. उपास धरणाऱ्याला फराळ असतो, दुसऱ्या दिवशीचं पारणं असतं. उपासमारीला पारणं नसतं. हा फरक आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावा लागला नाही. पण शास्त्राच्या आणि सरकारच्या कागदांवर तो पुन्हा पुन्हा पुसला गेला. तो कसा पुसला गेला आणि त्यात आपल्या पुणे शहराचा हात किती, हे मी इथं मांडणार आहे.

लिहायचं निमित्त असं. गेली काही वर्षं पुण्यात कमी खाण्याची हवा आहे. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जा, सोळा तास पोट रिकामं ठेवण्याच्या गोष्टी कानावर येतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हे घरोघरी नेलं. त्यांचा सल्ला आहे तो पोट भरलेल्यांसाठी, सारखं तोंड चालू असणाऱ्यांसाठी, आणि त्याबद्दल माझं भांडण नाही. पण अभ्यासवर्गाला येणारी आपली पोरंही आता विचारतात, ‘‘दादा, कमी खाल्लं की म्हातारपण लांबतं म्हणं. खरं का?’’ ज्यांच्या आज्यानं दोन वेळच्या भाकरीसाठी जन्म घालवला त्यांची नातवंडं हा प्रश्न विचारतात, तेव्हा तो हसण्यावारी नेऊन चालत नाही. त्याचं नीट उत्तर द्यायला पाहिजे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके या संशोधकानं उंदरांना कमी खायला घातलं. ते उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले. तिथून हा विचार निघाला. माणसावरचा मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला, त्याला ‘कॅलरी’ असंच नाव दिलेलं आहे. २१८ निरोगी माणसं घेतली. त्यातल्या १४३ जणांनी दोन वर्षं रोजच्या खाण्यातून पाव हिस्सा कमी करायचा होता. साधलं ते सरासरी १२ टक्के. शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, मदतीला आहारतज्ज्ञ असलेली माणसं, त्यांनाही पाव हिस्सा सोडवला नाही, हे लक्षात ठेवा. तरी त्यांचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं. हाडं मात्र थोडी विरळ झाली. २०२३ साली त्यांच्या रक्तावरून हिशेब मांडला तेव्हा म्हातारं होण्याचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. माणसाचं आयुष्य वाढतं याचा पुरावा मात्र अजून कुणी दिलेला नाही.

म्हणजे शास्त्र खोटं नाही. पण त्याच्या अटी वाचा. पहिली अट, सुरुवातीला माणूस धडधाकट आणि पोट भरलेला पाहिजे. दुसरी, कमी करायची ती फक्त ऊर्जा. जीवनसत्त्वं, क्षार यांची वाण पडता कामा नये, म्हणून वरून गोळ्या दिल्या होत्या. तिसरी, तपासायला डॉक्टर पाहिजे. चौथी सगळ्यात मोठी, नको वाटलं की त्या दिवशी उठून घरी जाता आलं पाहिजे. या चार अटी काढून टाका. मागे जे उरतं ती उपासमार.

आणि नुसतं कमी खाण्यानं आयुष्य वाढत असतं, तर या देशात सगळ्यात जास्त आपण जगलो असतो. गावकुसाबाहेर शंभरी गाठलेल्यांची रांग लागली असती. हिशेब उलटा आहे. २०१०-११ च्या सरकारी पाहणीवरून नऊ राज्यांचा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र त्या नवांत नाही. त्यात दलितांचं सरासरी आयुष्य सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून जास्त कमी निघालं आणि आदिवासींचं चार वर्षांहून जास्त. यातला निम्मासुद्धा फरक गरिबीनं उलगडत नाही. बाकीचा जातीच्या खात्यावर पडतो.

आता इतिहासाकडे येतो. ‘माणसाला कमीत कमी किती पुरतं?’ हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा कुणी विचारला? वैद्यानं नाही, खजिनदारानं विचारला.

१८७६ साली पाऊस गेला. मुंबई आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग होरपळला. इंग्रज सरकारनं रिचर्ड टेंपल याला दुष्काळावर देखरेख करायला पाठवलं. हा टेंपल १८७४ साली बिहारच्या दुष्काळात होता. तिथं त्यानं बाहेरून धान्य आणून माणसं जगवली, तर विलायतेत त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. म्हणून या खेपेला त्यानं हात आखडला. जानेवारी १८७७ मध्ये त्यानं दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी ठरवली, दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बाईला, पोराला त्याहून कमी. आधी दीड रत्तलाच्या हिशेबानं मजुरी होती. एवढ्यावर माणूस काम करतो का, हा त्याच्या लेखी प्रयोग होता.

एक रत्तल म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी धरली तर १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे दिवसाला १,६०० च्या आत-बाहेर. अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि जमली तर डाळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१० साली सांगितलं की जड काम करणाऱ्या साठ किलोच्या पुरुषाला दिवसाला ३,४९० कॅलरी लागतात. टेंपलचा गडी उन्हात खडी फोडत होता, माती वाहत होता. त्याला निम्म्यानंही मिळत नव्हतं.

मद्रासचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यानं याला विरोध केला. दीड रत्तल धान्य आणि सोबत डाळ-भाजी पाहिजे, नाहीतर माणसं झिजून मरतील, असं त्याचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्यात माणसांनी स्वतःच उत्तर दिलं. मजुरी कापल्यावर हजारोंनी काम टाकलं आणि छावण्या सोडून चालती झाली. उपाशी माणसांनी कमी मजुरीविरुद्ध केलेला तो संप होता. आपल्या चळवळीच्या इतिहासात तो यायला पाहिजे, पण पाठ्यपुस्तकात तो मला कधी दिसला नाही. पुण्याची सार्वजनिक सभा या लोकांची बाजू सरकारपुढे मांडत राहिली, हेही नोंदवलं पाहिजे. त्या दुष्काळात सगळीकडची मिळून किमान ५० लाख माणसं गेली. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

आणि त्याच वर्षी जोतीराव काय करत होते? सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि दुष्काळातल्या पोरांना जेवू घातलं. सावित्रीबाई जुन्नरकडे होत्या. तिथली दशा सांगणारं त्यांचं ओतूरहून लिहिलेलं पत्र २० एप्रिल १८७७ चं आहे. एकाच वर्षी, एकाच मुलुखात दोन प्रश्न विचारले जात होते. टेंपल विचारत होता, कमीत कमी कितीवर भागेल? जोतीराव-सावित्रीबाई विचारत होते, पोरं जेवली का? पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांतल्या भांडणाचा आहे.

उपास आणि उपासमार यांची गाठही पुण्यातच पडली. २० सप्टेंबर १९३२ ला दुपारी येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी उपोषण सुरू केलं, अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध. २४ तारखेला करार झाला, २६ ला उपोषण सुटलं. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. कराराची चर्चा आपण पुष्कळ केलेली आहे. मला इथं फक्त पोटापुरतं बोलायचं आहे. सहा दिवसांचा एक उपास, उशाशी डॉक्टर, आणि सगळा देश श्वास धरून बसला. त्याच सहा दिवसांत त्याच जिल्ह्यातल्या महारवाड्यांत, मांगवाड्यांत किती चुली पेटल्या नाहीत, याची नोंद कुणी ठेवली नाही. उपासाला जोर पोटातून येत नाही. उपाशी माणसाच्या मागं कोण उभं आहे, त्यावर तो येतो. बाबासाहेबांनी हे पाच वर्षं आधीच ओळखलं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मेलेलं ढोर खाऊ नका, शिळंपाकं मागू नका, असं आपल्या माणसांना सांगितलं. आधीच अर्धपोटी असलेल्या माणसांना ते हे सांगत होते. पण त्यांनी कमी खा म्हटलं नाही. कुणाच्या हातचं आणि कोणत्या किमतीवर खाता, तेवढं बघा म्हटलं.

आता टेंपलचा राहिलेला प्रयोग पुरा कसा झाला ते ऐका. १९४४-४५ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ जवान पुरुषांवर उपासमारीचा प्रयोग केला. लढाईला नकार देणारे हे गोरे तरुण, स्वखुशीनं आलेले. पहिले बारा आठवडे त्यांना दिवसाला ३,२०० च्या आसपास कॅलरी दिल्या. मग चोवीस आठवडे सरासरी १,५७०. टेंपलच्या रत्तलाचा आकडा बरोबर इथं येऊन मिळतो. जेवण दिवसातून दोनदा, बटाटे, सलगम, पाव. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं.

सहा महिन्यांत त्यांचं पाव हिस्सा वजन उतरलं. नाडी मंदावली. उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली. पायांवर सूज चढली. नुसतं पडून राहायला शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, ती ४० टक्क्यांनी घटली. हसणं-बोलणं, पुस्तक, पोरी, राजकारण, कशात मन लागेना. डोक्यात एकच गोष्ट, जेवण. कुणी पाकक्रियेची पुस्तकं जमवू लागला. एकानं कुऱ्हाडीनं स्वतःची बोटं तोडून घेतली. आणि पुन्हा पोटभर खायला मिळालं तेव्हा अंगावर आधी चरबी चढली, मांस मागून आलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

गावात आपल्या माणसांना काय म्हणायचे? आळशी. काम टाळतो, झाडाखाली बसतो, कशात लक्ष नाही. शिकलेल्या, धट्ट्याकट्ट्या गोऱ्या पोरांची चोवीस आठवड्यांत हीच गत झाली. शरीराला मिळत नसलं की ते हालचाल कमी करतं, काटकसर करतं. ज्याला गाव आळस म्हणत होतं, तो रिकाम्या पोटाचा कारभार होता. बलुत्याच्या पेंढीवर आणि मागून आणलेल्या तुकड्यावर जे जगले, त्यांच्यावर हा प्रयोग चोवीस आठवडे चालला नाही. पिढ्यान् पिढ्या चालला, आणि उठून घरी जायची सोय नव्हती.

स्वातंत्र्यानंतर टेंपलचा प्रश्न पुन्हा पुण्यात आला. या वेळी तो गोखले अर्थशास्त्र संस्थेत आला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांनी माणशी दिवसाला २,२५० कॅलरींची रेघ ओढली. तेवढं अन्न घ्यायला १९६०-६१ च्या भावानं गावात माणशी वर्षाला १७० रुपयांच्या आसपास लागत, शहरात २७० च्या आसपास. गावातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं या रेघेखाली निघाली. दांडेकर-रथांचा हेतू टेंपलचा नव्हता. सरकारनं या माणसांना काम द्यावं म्हणून ते लिहीत होते. पण एकदा रेघ ओढली की ती खाली सरकवता येते, आणि ती सरकवणारे पुढं आले.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. बहात्तरचा. आमचं गाव करमाळा तालुक्यातलं. आई पाझर तलावाच्या कामावर होती, मोठा भाऊ पोटात. ती सांगायची, मस्टरवर अंगठा दिला की खडी फोडायला बसायचं, दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदरात बांधून घरी न्यायची. रेशनला मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडायची. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं होती. भुकेनं माणसं पटापट मेली नाहीत, कारण लोक लढले आणि सरकारला कामं काढावी लागली. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्यातूनच आला. पण मेली नाहीत म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका. पुण्यात ताडीवाला रोडला आलो ते आम्ही त्याच दुष्काळानंतर.

१९७९ साली नियोजन मंडळाच्या गटानं आकडे बांधले, गावात २,४०० आणि शहरात २,१००. आणि मग पुण्यातच वाद पेटला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जगात नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षं काढून ते पुण्याला आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एकच माणूस, तेच काम, तेच वजन, तरी या आठवड्यात तो जास्त खातो, त्या आठवड्यात कमी. शरीर आपली कार्यक्षमता वरखाली करून जमवून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक माणूस उपाशी धरू नका, रेघ आणखी खाली घ्या. तशी घेतली की उपाशी लोकांचा आकडा निम्म्याहून खाली येत होता.

सुखात्म्यांची एक गोष्ट खरी होती आणि ती आपण मानली पाहिजे. घाण पाणी आणि पोटातले जंत गरिबाचं खाल्लेलं अन्न वाया घालवतात, म्हणून नुसतं धान्य देऊन भागत नाही, स्वच्छ पाणी द्या, हे ते सांगत राहिले. आपल्या वस्तीतल्या नळावर उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

पण ‘जमवून घेतं’ हा शब्द बघा. जुळवून घ्या, हे या देशात कुणाला सांगतात? सासुरवाशिणीला सांगतात. गावात राहायचं तर महारा-मांगांना सांगतात. आता शास्त्राच्या भाषेत पोटाला सांगितलं. दांडेकर आणि इतर टीकाकारांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. या आठवड्यात कमी, पुढच्या आठवड्यात जास्त, हे पोट भरलेल्याचं गणित. गरिबाचा पुढचा आठवडाही कमीच असतो, कारण त्याचा पगार वरखाली होत नाही. १९८२ साली सुखात्म्यांनी संपादित केलेला ग्रंथ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं काढला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा सिद्धान्त आला, ‘लहान पण निरोगी’. म्हणजे खुजी पोरं आजारी नाहीत, अन्न कमी म्हणून त्यांचं शरीर लहान बेतलं गेलं, एवढंच. १९८३ साली डॉ. सी. गोपालन या आहारशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, त्याच्या शीर्षकातच सगळं आलं. लहान असणं निरोगी म्हणता ते गरिबांसाठी, श्रीमंतांसाठी नाही!

या वादाचा निकाल कागदावर लागला नाही. तो लागला पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत, बायकांच्या कुशीत.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आहाराचं मोजमाप करणाऱ्यांत डॉ. शोभा राव होत्या, आघारकर संशोधन संस्थेच्या. ही आघारकर संस्था म्हणजे विज्ञानवर्धिनीचीच संस्था, १९९२ साली नाव बदललेली. ज्या घरातून ‘लहान पण निरोगी’ छापून निघालं, त्याच घरातली बाई पुढं लहान बाळांची कारणं शोधायला खेड्यात गेली. शास्त्रात माणसं अशीही असतात.

काय सापडलं? आयांचं सरासरी वजन ४२ किलो. उंची पाच फुटांच्या आत. गरोदरपणात दिवसाला १,८०० च्या आसपास कॅलरी. पाणी, सरपण, शेतकाम, सगळं चालू. ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळं आणखी लहान. ज्यांच्या ताटात हिरवी भाजी, दूध, फळं, त्यांची बाळं मोठी. बाळाचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचं बाळ साडेतीन किलोचं. पण खरी गोष्ट पुढंच आहे. आपलं बाळ सगळीकडे बारीक नव्हतं. त्याचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र राखलेली. बारीक दिसणारं, आतून चरबीचं बाळ. मिनेसोटाच्या जवानांचं शरीर काय करत होतं ते आठवा. टंचाईत शरीर मांस खर्चतं आणि चरबी जपतं. आपली पोरं हे शिकून जन्माला येत होती.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली. मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के मधुमेहाच्या उंबऱ्यावर होती. आणि यातली सगळी जाडी होती म्हणाल, तर ६१९ पैकी ४८ टक्के पोरांचं वजन प्रमाणापेक्षा कमी होतं! काडी पैलवान आणि रक्तात साखर. ही शेतकऱ्यांची घरं होती, थोडी का होईना जमीन असलेली. ज्यांना जमीनच नाही, त्यांचं तुम्हीच समजा.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी हॉलंडची रसद तोडली. शहरांत माणशी दिवसाला हजारापेक्षा कमी कॅलरी मिळत होत्या. त्या काही महिन्यांत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यात पन्नाशीला साखरेचा बिघाड जास्त दिसला. तिथं ती काही महिन्यांची गोष्ट होती. आपल्याकडे असे हिवाळे कधी संपलेच नाहीत.

शरीर जुळवून घेतं, हे सुखात्म्यांचं खरंच होतं. पण फुकट घेत नाही. ते उधारीवर घेतं. आणि ती उधारी चाळिशीत, पन्नाशीत, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंड अशा नावांनी वसूल होते. कधी कधी पुढच्या पिढीकडून. माझ्या भावाला अडतिसाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हा तो हाडाचा सापळा होता. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण सहा खेड्यांचा आकडा वाचला तेव्हा मला आईची पदरात बांधलेली सुकडी दिसली.

आता एक धोका सांगतो. उद्या कुणी म्हणेल, बघा, तुमच्या शरीरातच खोट आहे, जन्माची आहे. जातीचं जुनं तत्त्वज्ञान नव्या कोटात येईल. त्याचं उत्तर आपल्याजवळ पाहिजे. २०१५ साली उंदरांवरचा एक अभ्यास आला, पुण्याच्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. एकाच जातीच्या उंदरांतले काही पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाकडचा कल प्रचंड वाढला आणि ब १२ जीवनसत्त्व खाली गेलं. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर घातलं. तरी बिघाड गेला नाही. मॅकेचा उंदीर एका जन्मात कमी खाऊन जास्त जगला, हा पन्नास पिढ्यांचा हिशेब तसा निघाला नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पण दोन गोष्टी घ्या. एक, उपाशी आणि धष्टपुष्ट उंदीर एकाच वंशाचे होते, फरक रक्तात नव्हता, ताटात होता. बाबासाहेबांनी अस्पृश्यता वंशातून आलेली नाही असं १९४८ साली मांडलं, त्याला धरूनच हे आहे. दुसरी, जे लोक विचारतात की सवलती मिळून दोन पिढ्या झाल्या, अजून किती दिवस, त्यांना पन्नास आणि दोन हे आकडे सांगा.

आणि आजही रत्तल तोलणं चालूच आहे. २००९ साली तेंडुलकर समितीनं दारिद्र्याच्या रेघेचा कॅलरीशी असलेला धागाच सोडून दिला. याज्ञिकांच्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये ब १२ कमी होतं, आणि हे जीवनसत्त्व मिळतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. २०१५ साली राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. गरिबाच्या ताटातला स्वस्त मांसाचा तुकडा कायद्यानं काढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के पोरं वयाच्या मानानं खुजी होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, उपास धरता का म्हणून.

तर पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. ज्याचं पोट सुटलंय, त्यानं डॉक्टरला विचारून जरूर कमी खावं. त्यात आपलीही माणसं आता आहेत, बँकेत, कचेरीत बसणारी. वडापाव आणि साखरेचा चहा यांनी भरलेलं पोट म्हणजे पोसलेलं पोट नव्हे, हेही त्यांना सांगा. पण गरोदर बाई, वाढतं पोर, अंगमेहनतीचं काम करणारा माणूस, यांना कमी खाण्याचा उपदेश करणारा कुणीही असो, तो टेंपलची भाषा बोलतो आहे असं समजा.

आणि काम सांगतो. चौदा एप्रिलला रक्तदान ठेवता, चांगलं आहे. या वर्षी त्याच मांडवात साखर तपासणीचं टेबल लावा आणि बारीक माणसांनाही रांगेत घ्या, ते ‘आम्हाला कुठली साखर’ म्हणून पुढं जातील, त्यांना थांबवा. वस्तीतल्या गरोदर बायकांची यादी करा. कोण किती हंडे वाहतं, भाजी आठवड्यातून किती वेळा, अंडं-मटण-मासळी किती वेळा, घरात शेवटी कोण जेवतं, हे वहीत लिहा. अंगणवाडीत काय शिजतं ते झाकण उघडून बघा. आणि ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. दीडशे वर्षं आपल्या पोटाचा हिशेब दुसऱ्यांनी लिहिला. निदान आता एक वही आपल्या हस्ताक्षरात असू द्या.

जयभीम.